आधी अंधार करून बघा: घरातल्या अडीअडचणींची तयारी, कमी पैशांत

त्या रात्री वीज गेली तेव्हा आमच्या घरात तीन टॉर्च होते. एक कुठे ठेवलाय ते कुणालाच आठवेना. दुसरा सापडला, पण आतले सेल फुटून पांढरी पूड बाहेर आली होती आणि स्प्रिंग गंजून गेली होती. तिसरा धाकट्याच्या खेळण्यांच्या खोक्यात मिळाला, तो दहा मिनिटांत मंद होत होत विझला. पैसे तीन टॉर्चचे गेले होते आणि उजेड एकाचाही नव्हता.

तेव्हापासून मी कुठलीही वस्तू घेण्याआधी तीन प्रश्न विचारते. ती कुठे राहणार? ती चालू आहे हे कोण आणि कधी बघणार? मी घरी नसताना दुसऱ्या कुणाला ती वापरता येईल का? या उत्तरांना पैसे पडत नाहीत. बाजारात ‘इमर्जन्सी किट’ म्हणून तयार पिशव्या मिळतात, त्या मला पटत नाहीत. त्यातल्या निम्म्या वस्तू घरात आधीच असतात, उरलेल्यांतल्या बऱ्याच आपल्या कामाच्या नसतात, आणि पिशवी आणली की तयारी झाली असं वाटायला लागतं, हा सगळ्यात मोठा तोटा. खाली लिहिलेला क्रम मी पैसे ज्या क्रमानं खर्च केले तोच आहे. पहिल्या पायरीला काहीच लागत नाही.

पायरी १: एक संध्याकाळ मेन स्विच बंद करा

सगळे घरी असतील असा दिवस निवडा. अंधार पडल्यावर मेन स्विच बंद करा, पाण्याचा मुख्य वॉल्व्हही बंद करा आणि तासभर तसंच राहा. हातात कागद-पेन ठेवा. जिथे जिथे अडेल ते लिहून काढा. (घरात कुणी ऑक्सिजनच्या किंवा दुसऱ्या विजेवरच्या यंत्रावर असेल तर हा प्रयोग करू नका. ते यंत्र वीज गेल्यावर किती वेळ चालतं आणि त्यानंतर काय करायचं, हे डॉक्टरांना आणि यंत्र देणाऱ्यांना विचारून लिहून ठेवणं हीच तुमची पहिली पायरी.)

आमच्या कागदावर तासाभरात अकरा गोष्टी आल्या. विजेच्या बोर्डातल्या कुठल्या स्विचनं काय बंद होतं हे एकट्या माझ्या नवऱ्याला माहीत होतं. पाण्याचा वॉल्व्ह कित्येक वर्षांत कुणी फिरवलाच नव्हता, त्यामुळे तो हलेना. असा वॉल्व्ह जोर लावून फिरवू नका. तो तुटला तर सराव बाजूला राहील आणि घरात खरंच पाणी भरेल. प्लंबरकडून मोकळा करून घ्या आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद-उघड करत राहा. बोर्डातल्या प्रत्येक स्विचखाली कागदाची चिठ्ठी चिकटवा. शॉक लागू नये म्हणून बसवलेल्या स्विचवर ‘टेस्ट’ किंवा नुसतं ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर स्विच खाली पडलाच पाहिजे. पडला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, कारण मग तो स्विच नुसता शोभेचा आहे.

पायरी २: पाणी

वीज नसली तर माणूस कुरकुरत का होईना दिवस काढतो, पाण्याशिवाय निघत नाही. हिशेब सोपा आहे: माणशी दिवसाला साधारण ४ लिटर. त्यातलं निम्मं पिण्याचं, निम्मं हात-तोंड धुण्याचं आणि थोडंफार रांधण्याचं. निदान ३ दिवसांचं हवं, म्हणजे चौघांच्या घराला ४८ लिटर. ऐकायला खूप वाटतं, पण दोन लिटरच्या २४ बाटल्याच होतात. त्या पलंगाखाली मावतात.

बाटल्या विकत घेऊ नका. शीतपेयांच्या रिकाम्या, जाड प्लास्टिकच्या बाटल्या चालतात. दुधाच्या बाटल्या नकोत. कितीही धुतल्या तरी आत दुधाचा अंश राहतो आणि त्यावर जंतू वाढतात. बाटली साबणानं धुवा. मग १ लिटर पाण्यात १ चहाचा चमचा सुगंध न घातलेलं घरगुती द्रवरूप ब्लीच घालून ते मिश्रण बाटलीत ३० सेकंद नीट खळबळवा, ओतून टाका, साध्या पाण्यानं विसळा आणि स्वच्छ पाणी भरा. वर तारीख लिहा. सहा महिन्यांनी ते पाणी फरशीला किंवा झाडांना घाला आणि बाटली पुन्हा भरा. रॉकेल, कीटकनाशक, रंग यांच्या शेजारी या बाटल्या ठेवू नका, प्लास्टिकमधून वास आत उतरतो.

साठा संपला आणि संशयास्पद पाणी वापरायची वेळ आली तर ते आधी निवळू द्या, स्वच्छ कापडातून गाळा आणि उकळा. तळाशी चार बुडबुडे आले म्हणजे उकळलं असं नाही. सगळं पाणी खदखदायला लागल्यावर पूर्ण १ मिनिट मोजायचं. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. इंधन नसेल तर ५-६ टक्के तीव्रतेचं सुगंध न घातलेलं द्रवरूप ब्लीच लिटरला २ थेंब, पाणी गढूळ असेल तर ४ थेंब. ढवळून ३० मिनिटं ठेवा. त्यानंतर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. आला नाही तर तेवढेच थेंब पुन्हा घालून आणखी १५ मिनिटं थांबा. तीव्रता लेबलवर बघा आणि वर्षभर उघडून पडलेल्या ब्लीचवर विसंबू नका, त्याचा जोर उतरतो. पाण्यात पेट्रोल किंवा कीटकनाशक मिसळल्याचा संशय असेल तर मात्र यातला एकही उपाय चालत नाही. ते पाणी पिऊच नका.

पायरी ३: उजेड आणि फोन

टॉर्च एकच घ्या, पण त्यातले सेल काढून ठेवा. टॉर्च आणि सेल एका पिशवीत, पिशवी दाराजवळच्या खिळ्याला. आमचे सेल फुटले ते आत पडून राहिल्यामुळेच. डोक्याला बांधायचा दिवा परवडला तर तोच घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. खोलीभर उजेड हवा असेल तर टॉर्च उभा करून त्यावर पाण्यानं भरलेली पारदर्शक बाटली ठेवा. झोत फुटून सगळीकडे मंद प्रकाश पसरतो. मेणबत्त्या मी घरातून काढून टाकल्या. अंधारात, घाईत, पडद्याशेजारी उघडी ज्योत ठेवणं म्हणजे एका संकटात दुसऱ्याला बोलावणं.

पॉवर बँक घेताना एक हिशेब लक्षात असू द्या. १०,००० मिलीअँपिअर-तास असं लिहिलेलं असलं तरी फोनला तेवढं मिळत नाही. आतली बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची, बाहेर येते ५ व्होल्टनं. त्या रूपांतरात आणि उष्णतेत बराच भाग जातो. ६,००० ते ६,५०० हाती लागले तर ठीक. ती पडून राहिली तरी हळूहळू उतरते, म्हणून दर तीन महिन्यांनी चार्ज करा.

वीज गेली की लगेच फोनचा बॅटरी-बचत मोड लावा. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवून बघा, गर्दीच्या नेटवर्कवर तो बऱ्याचदा जातो. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून दारामागे चिकटवा. किती जणांना स्वतःच्या जोडीदाराचा नंबर पाठ असतो? मला नव्हता.

पायरी ४: औषधांचा डबा

इथे जरा सावकाश जाऊ. बहुतेक घरांत औषधांचा डबा हा औषधांचा डबा नसतोच. कुणी कधीतरी आजारी पडलं त्याच्या खुणा त्यात साठलेल्या असतात. आधी सगळं टेबलावर ओता. तारीख उलटलेलं, लेबल फाटलेलं, उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, हे सगळं बाजूला काढा आणि औषधाच्या दुकानात परत घेतात का ते विचारा. उरलेलं अँटिबायोटिक ‘पुढच्या वेळी होईल’ म्हणून ठेवणं ही काटकसर नाही. आजार वेगळा असतो, मात्रा अपुरी पडते आणि औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे वाढतात. डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून सहसा ४ आठवडेच वापरायचे असतात, म्हणून बाटली उघडाल त्या दिवशीच तारीख टाका.

आता परत काय भरायचं? निर्जंतुक गॉज, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, छोट्या जखमांच्या पट्ट्या, कात्री, चिमटा, हातमोजे, डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं. रोजची औषधं चालू असतील तर आठवड्याभराचा जादा साठा, आणि नवी आली की जुनी आधी वापरायची. एवढं पुरे. जखम धुवायला वाहतं पाणी आणि साबण लागतो, रंगीत औषधांची रांग नाही. पैसे वाचवायचे असतील तर पाकिटावरचं मोठं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा. तोच घटक, तीच मात्रा कमी किमतीत मिळते का, हे औषधवाल्याला विचारायला लाजू नका.

ते बारीक अक्षर आणखी एका कारणासाठी वाचायचं. प्रौढ माणसानं २४ तासांत सगळीकडून मिळून ४,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घ्यायचं नसतं, म्हणजे ५०० च्या ८ गोळ्या, आणि दोन मात्रांत निदान ४ तासांचं अंतर. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही तेच असतं. तापाची वेगळी, सर्दीची वेगळी अशा दोन गोळ्या घेणारा माणूस नकळत दुप्पट घेतो आणि त्याचा मार यकृतावर बसतो. वजन फार कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांना विचारा. मुलांची मात्रा वजनावर ठरते, अंदाजानं अर्धी गोळी मोडून नाही. १६ वर्षांखालच्यांना ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

डबा न्हाणीघरात किंवा शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, दमटपणा आणि उष्णता औषधं बिघडवतात. कोरड्या कपाटात, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.

डब्यापेक्षा मोलाच्या चार गोष्टी आहेत, त्या तोंडपाठ करा.

भाजलं तर: वाहत्या, साध्या गार पाण्याखाली २० मिनिटं. एकदा वाफेनं माझं मनगट भाजलं तेव्हा मी हात नळाखाली धरला आणि ‘झालं असेल’ म्हणून घड्याळ बघितलं, तर चारच मिनिटं झाली होती. वीस मिनिटं खूप लांब असतात. घड्याळ समोर ठेवूनच उभं राहा. अंगठी, बांगडी, घड्याळ आधी काढा, नंतर सूज आली की निघत नाही. बर्फ, टूथपेस्ट, तूप यातलं काहीही लावू नका. मग स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक प्लास्टिक फिल्म वरून अलगद पसरा, गुंडाळून आवळू नका. भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल, चेहऱ्यावर, हातांवर किंवा गुप्तांगावर असेल, विजेनं किंवा रसायनानं भाजलं असेल तर सरळ दवाखाना.

रक्त वाहत असेल तर: स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबा आणि १० मिनिटं मध्ये उचलून बघू नका. थांबलं का हे बघायच्या नादात बनत आलेली गुठळी निघून येते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. नाकातून रक्त येत असेल तर मान मागे टाकायची नाही. पुढे झुकून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं चिमटीत धरायचा, श्वास तोंडानं.

जुलाब-उलट्या होत असतील तर: ओआरएस. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्यायचं. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे चमच्यावरून सुरी फिरवून वरचं काढलेलं. मीठ जास्त झालं तर ते अपायकारक असतं, म्हणून चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. साखर चवीसाठी नसते. आतड्यात ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीनं आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग येतं, म्हणून दोन्ही लागतात. घोट घोट पाजा. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं ओता. मूल सुस्त झालं, लघवी होईनाशी झाली किंवा शौचातून रक्त आलं तर घरी थांबू नका.

घशात घास अडकून माणसाला बोलता किंवा खोकता येत नसेल तर: त्याला पुढे वाकवून दोन खांदाफळ्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं ५ जोरदार थापा. उपयोग झाला नाही तर मागून मिठी मारून, बेंबीच्या वर मूठ धरून आत आणि वर असे ५ झटके. आलटून पालटून चालू ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र पोटावर झटके द्यायचे नसतात, त्याची पद्धत वेगळी आहे. ती आणि छातीवर दाब देण्याची पद्धत (मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल) वाचून येत नाही. कुठे प्रथमोपचाराचं मोफत शिबिर असेल तर अर्धा दिवस घालवा.

आणि थर्मामीटर, रिमोट, खेळणी यांतल्या चपट्या बटण-सेलकडे लक्ष ठेवा. मुलानं तो गिळला तर २ तासांतही अन्ननलिका जळू शकते. तो शौचातून पडण्याची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, जीभ जड होणं किंवा छातीत दाबल्यासारखं दुखणं, यातही तेच. निघताना त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून घ्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

पायरी ५: गॅस, आग, धूर

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. वास आला की दिवा लावू नका आणि लागलेला बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन मगच फोन करा. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचतो. पाइपनं येणारा नैसर्गिक वायू हलका, तो वर जातो.

कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी टाकू नका. पाणी तेलाच्या तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, सुमारे १,७०० पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. शेगडी बंद करा, झाकण सरकवून ठेवा आणि गार होईपर्यंत उचलू नका. कढई उचलून बाहेर न्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरा.

कोळशाची शेगडी आणि जनरेटर बंद घरात कधीही चालवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. साफसफाईत ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया मिसळू नका, विषारी वायू तयार होतात.

पायरी ६: फ्रिज, शिधा, कागद

वीज गेल्यावर न उघडलेला फ्रिज सुमारे ४ तास थंडावा धरतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा (काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो). फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवा. बाहेरगावाहून आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय, ते खाऊ नका.

शिध्यासाठी वेगळं काही आणू नका. नेहमी जे खाता त्यातलं एकेक पाकीट जास्त, आणि त्यात न शिजवता खाता येण्यासारखं काही. ओळखपत्रं, विमा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत सुट्ट्या नोटा. एक जुना चष्माही त्यातच टाका. नंबर थोडा बदललेला असला तरी काहीच न दिसण्यापेक्षा बरा.

पायरी ७: घर चालवणारा माणूस

स्वतःची काळजी म्हटलं की लोकांना महागडी क्रीम आठवतात. मला दात आठवतात, कारण दुर्लक्ष केल्याचं एवढं मोठं बिल दुसरं कुठलंच येत नाही. दिवसातून दोनदा २ मिनिटं, त्यातलं एकदा झोपण्यापूर्वी. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड निदान १,००० पीपीएम आहे का ते बघा, किंमत त्यानंतर बघा. ब्रश केल्यावर थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. ब्रश ३-४ महिन्यांनी बदला.

कोरड्या त्वचेला साधी पेट्रोलियम जेली पुरते. १८७२ साली रॉबर्ट चेसब्रोनं तिचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तिचं काम तेच आहे. ती त्वचेला पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही. म्हणून आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायची. कोरड्या अंगाला लावून ‘फरक पडत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

बाकी फुकटातली यादी छोटी आहे: आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं, रात्री ७ तास झोप, दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. रक्तदाब मोजताना आधी ५ मिनिटं पाठ टेकून गप्प बसा. जिना चढून आल्या आल्या मोजला तर आकडा जिन्याचा येतो. घरात आजारी माणसाचं करणारी एकच व्यक्ती असेल तर आठवड्यातून काही तास तिच्या जागी कोण बसेल, ते नावासकट ठरवा. ‘कधीही सांग’ म्हणणारे बरेच असतात, पण वार ठरला तरच कुणीतरी येतं.

वर्षातून दोन तारखा

हे सगळं एकदम करू नका. पहिल्या महिन्यात अंधाराचा प्रयोग, चिठ्ठ्या आणि पाण्याच्या बाटल्या. दुसऱ्यात टॉर्च, तिसऱ्यात औषधांचा डबा, पुढे जमेल तशी पॉवर बँक. मग वर्षातल्या दोन तारखा ठरवा, घरातल्यांचे वाढदिवस धरले की विसरत नाही. त्या दिवशी पाणी बदलायचं, औषधांच्या तारखा बघायच्या, टेस्टचं बटण दाबायचं, अग्निशामक असेल तर काटा हिरव्यात आहे का बघायचं आणि पुन्हा एकदा तासभर दिवे घालवायचे.

गेल्या वेळी धाकट्यानं घड्याळ लावून टॉर्च शोधला. १९ सेकंदांत सापडला. पण सेल कुठल्या बाजूनं घालायचे ते त्याला अंधारात कळेना, त्यात दीड मिनिट गेलं. आता पिशवीवर सेलचं मोठं चित्र काढून चिकटवलंय. चित्र अंधारात दिसणार कसं, हा प्रश्न त्यानंच काढला. म्हणून त्यानं टॉर्चच्या अंगाला, सेलचं टोक ज्या बाजूला जातं तिथे, डिंकानं एक जाड दोऱ्याची गाठ चिकटवली आहे. आता बोटाला लागते.